किल्लारीनंतरची घरं: आपत्तीग्रस्तांच्या घरबांधणीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी वास्तुरचनेचं काम करते. तेरणेकाठच्या गावांत फिरताना, गवंड्यांच्या प्रशिक्षणात, कॉलेजांमध्ये बोलताना आणि कुठे दरड कोसळली की फोनवर, काही प्रश्न मला पुन्हा पुन्हा ऐकू येतात. ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेक उत्तरं लातूर-धाराशिवच्या 1993 च्या भूकंपाभोवती, म्हणजे किल्लारीच्या भूकंपाभोवती, फिरतात, कारण घर पडतं कसं आणि पुन्हा उभं राहतं कसं हे महाराष्ट्राला सगळ्यात जवळून तिथे पाहायला मिळालं.

मानवतावादी वास्तुरचना म्हणजे काय? नेहमीच्या घरबांधणीपेक्षा ती वेगळी कशी?

भूकंप, पूर, दरड, दंगल यांत ज्यांचं घर गेलं त्यांच्यासाठी, आणि ज्यांना धड घर कधी मिळालंच नाही अशा भूमिहीन, भटक्या, झोपडीत राहणाऱ्या माणसांसाठी केलेली रचना.

नेहमीच्या कामात घरमालक आपल्या पायांनी आर्किटेक्टकडे येतो. पैसे त्याचे असतात, त्यामुळे नको असलेली गोष्ट तो नाकारतो. "इथे चूल नको, धूर देवघरात जाईल," असं सांगतो आणि आपण खोडरबर हातात घेतो. ज्याचं सगळं ढिगाऱ्याखाली गेलं आहे त्याच्याकडे ही नाकारायची ताकद उरलेली नसते. समोर ठेवलेल्या नकाशावर तो मान डोलावतो, अंगठा देतो. ती मान डोलावणं होकार समजून चालणं ही या क्षेत्रातली सगळ्यात मोठी चूक आहे. माझ्या हातूनही ती सुरुवातीला झाली.

किल्लारीचा भूकंप 6.2 चा होता. जगात याहून मोठे भूकंप होतात आणि इतकी माणसं जात नाहीत. इथे असं का झालं?

30 सप्टेंबर 1993, पहाटेचे 3 वाजून 56 मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून गावं गाढ झोपली होती. सुमारे 8,000 माणसं गेली, 16,000 जखमी झाली. किल्लारी, सास्तूर, होळी, राजेगाव, तळणी ही गावं काही सेकंदांत जमीनदोस्त झाली. 1992 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये याच भागात हादरे बसले होते, लोक रात्री अंगणात झोपत होते. मग हादरे थांबले आणि माणसं पुन्हा घरात गेली.

भूकंपाचं केंद्र उथळ होतं हे एक कारण, वेळ हे दुसरं. तिसरं कारण घराच्या पोटात होतं.

इथलं घर माळवदाचं. लाकडी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर आडवी लाकडं, वर फळ्या किंवा काटक्या आणि त्यावर माती, दीड-दोन फूट. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ही माती घर थंड ठेवते. गळती थांबवायला पावसाळ्याआधी वर नवी पांढरी माती टाकायची रीत. जुनी सहसा कुणी उतरवत नसे. त्यामुळे आजोबांच्या वेळी फुटभर असलेलं माळवद नातवाच्या वेळी दोन फुटांचं व्हायचं. पावसाळा संपताना ती माती पाणी पिऊन आणखी जड झालेली असते.

भिंत दोन ते चार फूट रुंद. बाहेरून गढीसारखी भक्कम दिसायची, पण ती एक भिंत नव्हतीच. आतल्या अंगाचा एक थर, बाहेरच्या अंगाचा एक थर आणि मधे बारक्या दगडांची नि मातीची भर. दोन्ही थरांना धरून ठेवणारा आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हता. दगड गोलसर, मातीत बसवलेले. हादरा बसला की मधली भर खाली बसते आणि दोन्ही थरांना बाहेर रेटते. भिंत फुगते आणि उकलते.

ढिगारे उपसताना आणखी एक गोष्ट दिसली. अनेक घरांचा लाकडी सांगाडा उभाच होता. माळवदाचा भार खांबांवर असल्यामुळे लाकडाने तो पेलला होता, आणि माणसं गाडली गेली ती ढासळलेल्या भिंतींच्या दगडांखाली.

म्हणजे दगड-मातीचं घर धोक्याचंच ना?

ज्याने आपल्या माणसाला हातांनी दगड उपसून बाहेर काढलं, त्याला दगडी भिंतीशेजारी झोप येणार नाही. त्या भीतीशी वाद घालायचा नसतो, ती मान्य करूनच पुढे जायचं असतं.

पण त्या भीतीतून "दगड वाईट, सिमेंट चांगलं" असा जो धडा सगळीकडे रुजला तो चुकीचा आहे. 26 जानेवारी 2001 ला कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेत काँक्रीटच्या बहुमजली इमारती कोसळल्या. त्याच कच्छच्या बन्नी भागातले भुंगे, म्हणजे मातीचे गोल भिंतींचे नि हलक्या छपराचे झोपडे, मोठ्या संख्येने टिकले. काश्मीरच्या धज्जी-देवारीत लाकडाच्या चौकटींचे लहान लहान कप्पे करून त्यांत दगड-माती भरतात. भिंत हलते, कुरकुरते, तिला तडे जातात, पण ती एकदम अंगावर येत नाही. आसामात 1897 च्या महाभूकंपानंतर लाकूड, वेत-बांबू नि हलक्या छपराची घरं रूढ झाली.

या सगळ्या घरांमध्ये भिंती एकमेकींना बांधलेल्या असतात आणि डोक्यावर वजन कमी असतं. हे दोन नियम पाळले तर दगडाचंही घर चालतं, आणि मोडले तर काँक्रीटचंही पडतं.

आमचं जुनं माळवदाचं घर आहे. पाडायचं नाही आणि नवं बांधायला पैसेही नाहीत. काय करता येईल?

बरंच काही करता येतं, आणि बहुतेक काम गावातला गवंडी नि सुतार करू शकतो. मी सांगेन त्या क्रमाने करा, कारण पैसे मधेच संपले तर निदान सगळ्यात गरजेचं काम झालेलं असेल.

आधी माळवद हलकं करा. जुनी माती उतरवून सात-आठ इंचांवर आणा. गळतीची भीती असते, म्हणून मधे जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरून त्यावर पातळ थर द्या. डोक्यावरचे काही टन कमी होतात. खर्च म्हणाल तर मजुरीचा.

मग भिंतीचे दोन थर एकमेकांना शिवा. ठरावीक अंतरावर पहारीने हळू एकेक दगड सैल करून काढायचा आणि आरपार भोक पाडायचं. हातोड्याचे घाव घालायचे नाहीत, भिंत आधीच सैल असते. त्यात दोन्ही टोकांना आकडा केलेली सळई ठेवून काँक्रीट भरायचं. उंचीत दर दोन फुटांवर आणि आडवं दर चार फुटांवर असा एक टाका पडला पाहिजे. वरची नि खालची भोकं एका ओळीत न घेता तिरकी घ्या. नवी दगडी भिंत बांधत असाल तर याच अंतरावर भिंतीच्या पूर्ण रुंदीचा दगड घालायला पाथरवटाला सांगा, म्हणजे नंतर भोकं पाडायची वेळ येणार नाही.

तिसरं काम सुताराचं. खांब आणि तुळई जिथे मिळतात तिथे तिरपे टेकू ठोका. सांगाडा बाजूला झुकत नाही. लाकूड किडलेलं नाही ना ते आधी पाहून घ्या. खांबाचा तळ ओलीने कुजलेला असतो आणि वरच्या रंगाखाली ते दिसत नाही.

चौथं, दारं-खिडक्यांच्या वर किंवा छपराच्या खाली घराला चारी बाजूंनी पट्टा. जुन्या घरात तो जाळी नि सिमेंटच्या गिलाव्याने बाहेरून-आतून करता येतो. पिठाच्या डब्याला दोरी आवळतात तसं हे काम आहे, त्यामुळे तो कुठेही तुटता कामा नये. एका कोपऱ्यात जरी राहिला तरी उपयोग गेला.

भूकंपानंतर सरकारने अशा दुरुस्तीसाठी मदत दिली होती ना? मग अशी दुरुस्त केलेली घरं फारशी दिसत का नाहीत?

दिली होती. जागतिक बँकेच्या कर्जातून जो पुनर्वसन कार्यक्रम झाला, त्यात पूर्ण उद्ध्वस्त झालेल्या 52 गावांचं स्थलांतर होतं, काही गावं जागेवर बांधली गेली आणि 13 जिल्ह्यांतल्या सुमारे अडीच हजार गावांत घरांची दुरुस्ती नि मजबुतीकरण करायचं होतं. हे तिसरं काम सगळ्यात मोठं होतं, पण त्याची चर्चा सगळ्यात कमी झाली.

झालं असं की अनेक कुटुंबांनी जुनं घर मजबूत करण्याऐवजी मिळालेल्या पैशांत आणि साहित्यात शेजारी सिमेंटची एक नवी खोली बांधली. लोक अजून जुन्याच घरात राहत होते, धान्य तिथेच, देव तिथेच. नवी खोली भीती वाटली तर जायला. मी त्यांना दोष देत नाही. नवी खोली डोळ्यांना दिसते, भिंतीच्या पोटातला टाका दिसत नाही. आपण सगळ्यांनी तो टाका लोकांना दाखवायला हवा होता, एखादी भिंत उघडी ठेवून, गावच्या शाळेत किंवा चावडीत.

तात्पुरत्या निवाऱ्याला काही मापं असतात का?

असतात. मानवतावादी मदतीसाठी जगभर मानले जाणारे 'स्फिअर' निकष आहेत. माणशी किमान साडेतीन चौरस मीटर छताखालची जागा, छावणीत रस्ते-मोकळी जागा धरून माणशी 45 चौरस मीटर, माणशी दिवसाला किमान 15 लिटर पाणी आणि 20 माणसांमागे एक शौचालय.

याला माझी एक जोड: उन्हाळा. मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो आणि भूकंपानंतर कुटुंबं पत्र्याच्या शेडमध्ये राहिली ती एक उन्हाळा नाही, त्याहून अधिक. पत्र्यावर कडबा किंवा पाचट टाकणं, पत्र्याखाली हातभर अंतरावर चटईचं दुसरं छत बांधणं, समोरासमोर दोन झडपा ठेवणं हे फार कमी पैशांत होतं. "तात्पुरतंच आहे" म्हणून या गोष्टी टाळल्या जातात. तात्पुरत्या घरात बाळंतपणं होतात, म्हातारी माणसं आजारी पडतात, मुलं दहावीचा अभ्यास करतात. निवारा आखताना दोन-तीन वर्षं धरूनच आखा.

उद्ध्वस्त गाव नव्या जागी हलवावं की तिथेच बांधावं?

जागा स्वतःच धोक्याची नसेल तर शक्यतो तिथेच. भूकंपाच्या बाबतीत दोन-तीन किलोमीटर हललं म्हणून धोका फारसा बदलत नाही. बदलायचं असतं ते घर. किल्लारीत मात्र लोकांनीच हलायचं म्हटलं होतं, हेही खरं. ज्या मातीत माणसं गाडली गेली तिथे पुन्हा चूल पेटवायची नाही, ही भावना होती.

नव्या गावांत गेलात तर रुंद सरळ रस्ते, एका ओळीत एकसारखी घरं, क्रमांक टाकलेले प्लॉट दिसतात. नगररचनेच्या पुस्तकातलं हे गाव आहे. जुनं गावठाण दाट होतं: अरुंद बोळ, दुपारी सावली, घराच्या तोंडाशी ढाळज, ढाळजेत बसलेली म्हातारी माणसं, आत चौक, चौकाला लागून गोठा. बायकांचं जग त्या चौकात होतं. नव्या घरात दार उघडलं की थेट रस्ता. कडबा कुठे ठेवायचा, बैल कुठे बांधायचे, वाळवण कुठे घालायचं याला नकाशात जागाच नव्हती. मग शौचालयात गोवऱ्या आणि सरपण ठेवलं गेलं. बाहेरून आलेल्यांनी त्यावरून लोकांना अडाणी ठरवलं. त्या घरात सरपणाला दुसरी कोरडी जागा दाखवा, असं मी अशा वेळी सांगते.

शिवाय गाव पसरलं की नळाची लाइन लांबते, रस्त्यावरचे दिवे वाढतात, गटारं लांबतात, आणि हे सगळं सांभाळायचं असतं ग्रामपंचायतीने. देणगीदार संस्था कोनशिला बसवून जाते आणि वीजबिल गावाकडे राहतं. नव्या गावठाणांसाठी चांगली शेतजमीनही गेली.

आज तिथे फिरलात तर मला सगळ्यात आवडणारी गोष्ट दिसेल. लोकांनी घरं बदलली आहेत. पुढे पत्रा टाकून ओसरी काढली, कंपाउंडची भिंत घालून अंगण परत मिळवलं, मागे गोठा बांधला. हे सगळं अनधिकृत वगैरे म्हणू नका. पहिल्या नकाशात जे राहून गेलं ते लोकांनी पदरच्या पैशांनी पूर्ण केलं.

घर केवढं द्यायचं हे कशावरून ठरलं?

जमिनीवरून. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना 250 चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यांना 400 आणि सात हेक्टरांच्या वर 750. ज्याची शेती मोठी त्याची अवजारं, जनावरं, धान्य जास्त, म्हणून घर मोठं, असा त्यामागचा विचार होता. त्यात व्यवहार आहे, नाही असं नाही. पण भूमिहीन कुटुंबातही सात-आठ माणसं असतात, शेळ्या असतात. 250 चौरस फुटांत त्यांनी कसं मावायचं? आणि अनेक ठिकाणी एका मापाची घरं एकत्र बांधल्यामुळे जमिनीची उतरंड, आणि तिच्यासोबत जातीची, नव्या गावाच्या नकाशात पक्की झाली. जुन्या गावात ती नव्हती असं कुणी म्हणणार नाही. पण कोऱ्या कागदावर नवं गाव आखायची संधी शंभर वर्षांत एकदा येते, आणि ती आपण अशी वापरली याचं मला आजही वाईट वाटतं.

घुमटाची घरं, कंटेनर, कागदाच्या नळ्यांची घरं यांचं काय? ती लवकर होतात ना?

लवकर होतात, आणि पहिल्या काही महिन्यांसाठी त्यांचं मोल आहे. 1995 च्या कोबे भूकंपानंतर जपानी वास्तुरचनाकार शिगेरू बान यांनी कागदाच्या जाड नळ्यांच्या भिंती आणि वाळू भरलेल्या बिअरच्या क्रेटांचा पाया करून निवारे बांधले. 2001 मध्ये त्यांनी तीच कल्पना भुजमध्ये आणली, तेव्हा क्रेट मिळेनात म्हणून पाया पडलेल्या घरांच्या राडारोड्याचा केला, जमीन मातीची आणि छताला बांबू. मला या कामात नळ्यांपेक्षा हा बदल मोलाचा वाटतो. रचना तिथल्या ढिगाऱ्यातून आणि तिथल्या हातांतून नव्याने घडली. बान यांना 2014 चा प्रित्झकर पुरस्कार, म्हणजे वास्तुरचनेतला जगातला मोठा सन्मान, मिळाला.

कायमच्या घरासाठी मात्र माझी कसोटी एकच: दहा वर्षांनी भिंतीला भोक पडलं तर गावातला माणूस ते बुजवू शकेल का? लातूर भागात काही ठिकाणी घुमटाकार घरं बांधली गेली. भूकंपाच्या दृष्टीने आकार मजबूत. पण गोल भिंतीला कपाट लागत नाही, वर मजला चढत नाही, शेजारी खोली जोडता येत नाही. परदेशी पॅनेलचं घर गळायला लागलं तर सुटा भाग मिळत नाही. असं घर हळूहळू गोदाम होतं.

घर संस्थेने किंवा ठेकेदाराने बांधून द्यावं की मालकाने स्वतः बांधावं?

मालकाने. ज्यांना शक्य नाही, एकटी म्हातारी माणसं, अनाथ मुलं, अपंग, त्यांच्यासाठी गावाने किंवा संस्थेने.

किल्लारी भागातल्या 52 गावांची घरं मुख्यतः ठेकेदारांनी आणि देणगीदार संस्थांनी बांधली. आठ वर्षांनी गुजरातने त्यातून धडा घेतला. पैसे टप्प्याटप्प्याने मालकाच्या खात्यात: पाया झाला, अभियंत्याने पाहिला, पुढचा हप्ता. गवंड्यांना प्रशिक्षण, सिमेंट-पोलाद वाजवी दरात. कच्छमधल्या फार मोठ्या बहुसंख्य कुटुंबांनी हाच मार्ग निवडला. भुजच्या 'हुन्नरशाला' सारख्या संस्थांनी माती, दगड, जुने भुंगे यांतलं ज्ञान घेऊन कारागिरांसोबत काम उभं केलं.

यात अडचणी नाहीत का? आहेत. हप्ता अडकतो, सही करायला पैसे मागितले जातात, जमिनीचा कागद नसलेला माणूस यादीतून गळतो. पण ज्या बाईने आपल्या घराच्या पट्ट्यातली सळई स्वतः मोजून घेतली आहे, तिला पुढच्या वेळी कुणी फसवू शकत नाही.

'अर्धं घर' ही कल्पना काय आहे? गरिबाला अर्धं घर देणं बरं दिसतं का?

चिलीमधल्या इकिके शहरात वास्तुरचनाकार आलेहान्द्रो आरावेना आणि त्यांच्या 'एलेमेंटल' संस्थेने सुमारे शंभर कुटुंबांसाठी हे केलं. अनुदान कुटुंबामागे 7,500 डॉलर. तेवढ्यात एक तर लहान, पूर्ण घर झालं असतं, नाहीतर शहराबाहेर जावं लागलं असतं. त्यांनी शहरातलीच जागा धरून ठेवली आणि मोठ्या घराचा अवघड अर्धा भाग बांधून दिला: पाया, मजबूत भिंती, जिना, स्वयंपाकघर, मोरी. उरलेला अर्धा भाग मोकळा, तो कुटुंबाने सवडीने भरायचा. 2010 च्या भूकंपानंतर कॉन्स्तितुसिओन गावातही हाच मार्ग घेतला.

बरं दिसतं का? आपल्याकडे कोण एकदम पूर्ण घर बांधतं, सांगा. आधी दोन खोल्या, मुलाच्या लग्नाच्या आधी तिसरी, स्लॅबमधून सळया बाहेर सोडलेल्या, "पुढे माडी चढवायची आहे" म्हणून. ही आपलीच रीत आहे. फक्त वाढीव भाग जुन्याला कसा जोडायचा हे पहिल्याच दिवशी ठरलेलं हवं, नाहीतर भूकंपात नवं नि जुनं एकमेकांना धडका देतात.

बायकांचं म्हणणं वेगळं ऐकावं लागतं का?

हो. गावसभेत विचारलं तर पुरुष बोलतात आणि ते खोल्यांची संख्या नि दर्शनी बाजू यांवर बोलतात. पाणी कुठून आणायचं, चूल कुठे, न्हाणी कुठे, रात्री बाहेर जायचं तर उजेड आहे का, हे बायका सांगतात, पण वेगळं बसल्यावर. भूकंपानंतरच्या दुरुस्ती कार्यक्रमात 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेने प्रेमा गोपालन यांच्या नेतृत्वाखाली हजाराहून अधिक गावांत महिलांना 'संवाद सहायक' म्हणून उभं केलं. त्या घरोघरी जाऊन पट्टा म्हणजे काय, टाका म्हणजे काय समजावत, कामावर लक्ष ठेवत आणि अडलेलं अनुदान विचारायला कचेरीत जात. 2001 मध्ये त्यांच्यातल्याच काही जणी कच्छच्या बायकांना भेटायला गेल्या.

आणि घर दोघांच्या नावावर करा. हे नंतर होत नाही.

माळीण, तळिये, इर्शाळवाडी: दरडीतून वाचणारं घर बांधता येतं का?

नाही. या प्रश्नाचं उत्तर मी स्पष्टच देते. भूकंपात घर टिकवता येतं, अंगावर डोंगर आला तर कुठलंही घर टिकत नाही. 30 जुलै 2014 ला माळीण, 22 जुलै 2021 ला महाडजवळचं तळिये, 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूरची इर्शाळवाडी. तिन्ही जुलैत, मुसळधार पावसात. इथे हलावंच लागतं.

पण कुठे आणि कसं? माळीणच्या बाजूला लोक हिरडा गोळा करतात, भातशेती करतात. हिरडा वाळवायला खळं लागतं. इर्शाळवाडी ठाकर आदिवासींची; जंगल, रान आणि घर हे त्यांच्यासाठी एकच. नव्या वसाहतीतून रानात जायला दीड तास लागला तर माणसं पावसाळ्यात पुन्हा जुन्या जागी झोपडी टाकतात, आणि मग त्यांना हट्टी म्हटलं जातं. नवी जागा निवडताना आधी भूगर्भतज्ज्ञ, मग ते लोक, मग आर्किटेक्ट. आणि नवी जागाही डोंगर कापून सपाट केलेली असेल तर पहिल्या दोन पावसाळ्यांत भरावावर घर बांधू नका, भराव बसतो.

डोंगराखाली राहणाऱ्यांसाठी: वरच्या उतारावर नवी भेग, झाडं-खांब एका बाजूला झुकणं, दारं अचानक अडकणं, झऱ्याचं पाणी गढूळ होणं किंवा नव्या जागी फुटणं. यातलं काहीही पावसात दिसलं तर रात्र तिथे काढू नका.

पुराच्या भागात?

जोतं उंच आणि खालची दोन-तीन फूट भिंत पाण्यात न विरघळणारी. 2019 च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीत पाणी दिवसेंदिवस तुंबून राहिलं आणि मातीत बांधलेल्या भिंती पाणी ओसरताना बसल्या. घरात एक भक्कम माळा ठेवा, कागदपत्रं नि धान्य वर नेण्यासाठी. आसामातले मिसिंग लोक खांबांवर उचललेली चांग घरं बांधतात. पाकिस्तानच्या सिंध प्रांतात यास्मीन लारी यांनी बांबूच्या तयार चौकटी, माती आणि चुना वापरून हजारो कुटुंबांना स्वतःचं घर स्वतः बांधायला शिकवलं. फुकट घर वाटण्याला त्यांचा विरोध आहे. 2023 मध्ये त्यांना ब्रिटनच्या वास्तुरचनाकार संस्थेचं रॉयल गोल्ड मेडल मिळालं. चुना आपल्याकडेही होता. चुन्याच्या घाणीत, म्हणजे दगडी चाकाखाली, मळलेल्या चुन्याचे वाडे अजून उभे आहेत. तो आपण विसरलो.

मी आर्किटेक्चर शिकते आहे. या कामात यायचं तर काय करू?

एक उन्हाळा गवंड्याच्या हाताखाली घालव. घमेलं उचल, ओळंबा धरायला शीक. लोकांची बोली शीक: खण, तुळई, ढाळज, बळद हे शब्द माहीत नसतील तर ते काय गमावून बसले आहेत हे तुला कळणार नाही. आपत्तीनंतर पहिल्या आठवड्यात धावत जाऊ नकोस, तेव्हा डॉक्टर नि पाणी लागतं. सहाव्या महिन्यात जा, जेव्हा वर्तमानपत्रं परत गेलेली असतात. आणि भारतीय मानक संस्थेची दगडी बांधकामाची नि मातीच्या घरांची मार्गदर्शक मानकं वाच. कोरडी आहेत, पण भिंतीची जाडी साडेचारशे मिलिमीटरांच्या वर नेऊ नका हे एक वाक्य किल्लारीच्या भिंती पाहिल्यावर वाचलंस तर रात्रभर मनात राहील.

आम्ही यंदा घर बांधतोय, एकमजली, भार भिंतींवर. गवंड्याला काय सांगू?

तुमचं गाव कोणत्या भूकंप क्षेत्रात आहे ते अभियंत्याला विचारा. 1993 पर्यंत किल्लारीचा भाग सगळ्यात सुरक्षित क्षेत्रात गणला जात होता. 2002 मध्ये तो अधिक धोक्याच्या, तिसऱ्या क्षेत्रात घेतला. तेव्हा "आमच्याकडे होत नाही" यावर विसंबू नका.

गवंड्याला सांगा: जोत्यावर एक पट्टा, दारं-खिडक्यांवर अखंड पट्टा, उतरतं छप्पर असेल तर छपराखाली तिसरा. पैसे कमी असतील तर दारांवरचा मात्र सोडू नका. किमान तीन इंच जाड, आत दोन सळया, दर सहा इंचांवर रिंग, आणि कोपऱ्यात सळई वळवून दुसऱ्या भिंतीत न्यायची, तिथे तोडायची नाही. खिडकी कोपऱ्यापासून दोन फूट तरी आत. लांबच लांब भिंतीला मधे आडवी भिंत द्या. सिमेंट कालवल्यावर तासाभरात संपेल एवढंच कालवा. वाळू हातात चोळून पाहा, हाताला माती लागली तर ती धुऊन घ्या.

आणि पाणी मारा, रोज, निदान सात दिवस, स्लॅबवर तर आळं करून दोन आठवडे. उन्हाळ्यात टँकरचं पाणी महाग पडतं, त्यामुळे सगळ्यात आधी यावरच काटछाट होते. शक्य असेल तर बांधकाम दिवाळीनंतर सुरू करा, विहिरीला पाणी असताना. गोणपाट ओलं करून पांघरलं तर निम्म्या पाण्यात भागतं.